काखेतीची नारिंगी वाइन: द्राक्ष, देठ आणि जमिनीतला रांजण

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा जॉर्जिया देशाच्या राजधानीत, तिबिलिसीत, एमबीबीएस शिकतो. सुट्टीत येताना त्याने जॉर्जियन वाइनची बाटली आणली. लेबलवर पांढऱ्या द्राक्षाचं नाव, पण ग्लासात ओतली तर कोऱ्या चहाच्या रंगाची, किंचित गढूळ, आणि पहिल्याच घोटाला हिरड्या आवळून येतील इतकी तुरट. ती खराब झाली आहे का? जॉर्जियाच्या ‘आठ हजार वर्षांच्या’ परंपरेत तथ्य किती? प्रश्नकर्त्यांची स्वतःची निफाडकडे दीड एकर द्राक्षबाग आहे. तिथल्यासारखे रांजण जमिनीत पुरून अशी वाइन आपल्याकडे होईल का?

मी २२ वर्षं नाशिक परिसरात वाइन बनवण्याच्या कामात आहे. त्यातले दोन हंगाम मी पूर्व जॉर्जियातल्या काखेती प्रांतात, तेलावीजवळच्या एका शेतकरी कुटुंबात राहून काम केलं आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी बाटलीचं. ती बहुधा उत्तम स्थितीत आहे. आपण ज्याला पांढरी वाइन म्हणतो, तिच्यात द्राक्षं दाबून रस लगेच वेगळा करतात आणि सालं-बिया बाजूला टाकतात. लाल वाइनमध्ये रस सालांसकट आंबतो, म्हणून रंग आणि तुरटपणा येतो. काखेतीत पांढऱ्या द्राक्षालाही लाल द्राक्षासारखंच वागवतात, किंबहुना त्याच्याही पुढे जातात. रस, सालं, बिया आणि घडाचे देठ, सगळं एकत्र जमिनीत पुरलेल्या रांजणात जातं आणि पाच-सहा महिने तिथेच राहतं. अशा वाइनलाच नारिंगी वाइन म्हणतात. सालं-बिया-देठांच्या या ऐवजाला ते ‘चाचा’ म्हणतात, आणि त्याच चोथ्यापासून गाळलेल्या दारूचं नावही चाचाच. तुमच्या वाइनचा चहासारखा रंग आणि तुरटपणा या सालां-देठांतून उतरलेला आहे. गढूळपणा न गाळल्यामुळे आहे. खराब वाइन ओळखायची तर नाकाने ओळखा. व्हिनेगर किंवा नखांच्या पॉलिशसारखा झणका आला, अथवा गिळल्यावर घशात उंदराच्या लेंडीसारखा वास रेंगाळला, तर ती बिघडली. सुकं जर्दाळू, अक्रोडाची साल, मध, वाळलेली संत्र्याची साल असे वास येत असतील तर निश्चिंत राहा.

आता द्राक्षाकडे येतो, कारण माझ्या मते सगळी किल्ली तिथे आहे. रांजणाचे फोटो सगळे काढतात, देठाकडे कोणी बघत नाही.

काखेतीचं मुख्य पांढरं द्राक्ष म्हणजे र्कत्सितेली. ‘र्का’ म्हणजे फुटवा किंवा शिंग आणि ‘त्सितेली’ म्हणजे लाल. वेलीची कोवळी काडी खरोखरच तांबूस असते. घड लांबट आणि नळीसारखा. मणी पिकला की सोनेरी होतो आणि उन्हाच्या बाजूला त्यावर तपकिरी ठिपके येतात. या द्राक्षाची मोठी ताकद म्हणजे साखर वर गेली तरी आंबटपणा टिकतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तोडणी चालते. तोडणीच्या आधी घरचे आजोबा बागेत फिरायचे ते मणी चाखत नव्हते. घड उचलून ते देठ दातांनी चावायचे. मलाही चावायला लावलं. हिरवा देठ चावला की कच्च्या गवताचा कडूपणा जिभेवर बसतो आणि जाता जात नाही. पिकलेला देठ तपकिरी, काडीसारखा कडक होतो आणि त्याला लवंगेच्या दांडीसारखी उष्ण, कोरडी चव येते. देठ असा पिकल्याशिवाय तोडणी सुरू होत नाही. घडाबरोबर देठही रांजणात जाणार असेल तर हे किती महत्त्वाचं आहे ते लक्षात येईल. आपल्याकडे आपण ब्रिक्स म्हणजे साखर मोजतो, पीएच म्हणजे आंबटपणा मोजतो, मण्यातली बी तपकिरी झाली का बघतो. देठ चावून बघणारा माणूस मी नाशिकमध्ये तरी पाहिला नाही.

लाल द्राक्षांत सापेरावी. नावाचा अर्थच ‘रंग देणारं’ असा आहे. जगातल्या बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढरा असतो आणि रंग फक्त सालीत असतो. सापेरावीचा मणी चिमटीत फोडला तर रससुद्धा लालसर निघतो. बोटं दोन दिवस जांभळी राहतात. आम्लही भरपूर, त्यामुळे ही वाइन वर्षानुवर्षं टिकते. मुकुझानी ही कोरडी वाइन आणि किंदझमारौली ही नैसर्गिक गोडसर वाइन, दोन्ही सापेरावीच्याच. दुसरीत थंडी देऊन किण्वन, म्हणजे आंबणं, मध्येच थांबवतात, म्हणून साखर उरते. रशियात आजही हिला मोठी मागणी आहे. माझी आवड मुकुझानीकडे आहे.

या दोघांच्या सावलीत बाकीची द्राक्षं झाकोळली गेली, याचं मला वाईट वाटतं. जॉर्जियात स्थानिक जातींची नोंद ५०० च्या वर आहे. व्यापारी लागवडीत त्यातल्या काही डझनच. काखेतीतच म्त्स्वाने (अर्थ ‘हिरवं’), किसी आणि खिख्वी ही पांढरी द्राक्षं आहेत. किसी रांजणात घातली की पिकलेल्या नासपतीचा आणि झेंडूच्या पाकळ्या चुरल्यासारखा वास येतो. मला विचाराल तर नारिंगी वाइनसाठी र्कत्सितेलीपेक्षाही किसी सरस. पश्चिमेला इमेरेतीत हवा दमट, तिथे त्सित्स्का, त्सोलिकौरी, क्राखुना ही द्राक्षं, आणि पद्धतही वेगळी: देठ नाहीत, सालं थोडीशीच घालायची, त्यामुळे वाइन हलकी आणि फिकट. राचाच्या डोंगरात अलेक्सांद्रौली आणि मुजुरेतुली मिळून ख्वांचकारा नावाची वाइन होते. समेग्रेलोत ओजालेशी नावाचं काळं द्राक्ष आहे. त्याची वेल पूर्वी झाडावर चढवत, आणि तोडणीला माणूस टोपली घेऊन झाडावर चढे. नावाचा अर्थही ‘झाडावर वाढणारं’ असाच आहे.

रांजणाचं नाव क्वेव्री. आपल्या जुन्या वाड्यांत पाण्याचा रांजण ओसरीत अर्धा पुरलेला असे, आणि धान्याचं पेव तर पूर्णच जमिनीखाली. क्वेव्री या दोन्हींच्या मधली कल्पना समजा: अंड्याच्या आकाराचा, खाली निमुळता, आणि मानेपर्यंत मातीत. ज्या खोलीत असे रांजण पुरलेले असतात तिला ‘मरानी’ म्हणतात. आत गेलं तर जमिनीवर फक्त गोल तोंडं दिसतात. आकार काही लिटरपासून काही हजार लिटरपर्यंत. हे काम चाकावर होत नाही. तेलावीजवळच्या वार्दिसुबानीत मी कुंभाराकडे दोन दिवस बसलो होतो. मातीची जाड वळी करून तो भिंत चढवत नेई, दिवसाला फार तर वीतभर. खालचा थर आवळल्याशिवाय वरचा चढवला तर सगळं खाली बसतं. त्यामुळे तो एका वेळी पाच-सहा रांजण रांगेत लावून एकेकाला थोडं थोडं वाढवत जायचा. भिंत उभी राहून वाळायला आठवडेच्या आठवडे जातात. मग हजार अंशांच्या आसपास काही दिवस चालणारी भाजणी. भट्टीतून काढलेला रांजण गरम असतानाच आतून मधमाशीचं मेण फिरवतात.

या मेणाबद्दल फार गैरसमज आहे. मेण म्हणजे आतला प्लास्टिकचा थर नव्हे. गरम मातीने ते शोषून घ्यायचं असतं. छिद्रं बारीक होतात, पूर्ण बंद होत नाहीत. मेणाचा थर हाताला लागत असेल तर काम कच्चं झालं असं तिथले जाणते म्हणतात. बाहेरून चुन्याचा लेप देऊन पुरतात.

हंगामाला ‘र्त्वेली’ म्हणतात. द्राक्षं पोकळ केलेल्या लाकडी ओंडक्यात, सात्स्नाखेलीत, पायांनी तुडवतात. आता बरेच जण यंत्र वापरतात. रस आणि चाचा रांजणात गेला की एक-दोन दिवसांत सालांवरच्या आणि मरानीतल्या यीस्टने आंबायला सुरुवात होते. सालांची टोपी वर येते, ती लाकडी दांड्याने दिवसातून चार-पाच वेळा खाली दाबायची. रात्री दोनलाही उठावं लागतं. टोपी कोरडी पडली तर तिथे व्हिनेगरचे जिवाणू बसतात, आणि मग त्या रांजणाला कोणी वाचवू शकत नाही. दोन-तीन आठवड्यांत उकळी थांबते, टोपी आपोआप बुडते. मग रांजण काठोकाठ भरायचा, दगडी झाकण ठेवायचं, ओल्या मातीने सांधा लिंपायचा. वसंतात उघडायचा.

या काळात आत काय होतं? बिया जड म्हणून सगळ्यात आधी निमुळत्या तळाशी बसतात. त्यांच्यावर सालं, देठ आणि यीस्टचा गाळ बसतो. बियांमधला कडू तुरटपणा अशा प्रकारे तळाशीच झाकला जातो. बुडाच्या आकाराचं मोल इथे कळतं. सपाट बुडाच्या टाकीत बिया पसरून राहतात आणि सहा महिन्यांत वाइन कडू करून टाकतात. आकाराइतकंच काम हिवाळा करतो. बाहेर बर्फ पडत असतो, जमीन गार असते, वाइन हळूहळू निवळते. एप्रिलमध्ये झाकण काढलं आणि लांब दांडीच्या भोपळ्याच्या पळीने, ‘ओर्शिमो’ने, पहिली पळी वर आली तेव्हा ती न गाळता, न निवळवता अशी स्वच्छ होती की पळीचा तळ दिसत होता. तो क्षण मी कधीही विसरणार नाही.

मात्र त्याहून जास्त मला रांजण धुणं आठवतं. रांजण जागचा हलत नाही, म्हणजे माणसाला आत उतरावं लागतं. चेरीच्या सालीच्या चकत्या दांड्याला बांधून केलेल्या घासणीने भिंत घासायची, पाणी उपसायचं, पुन्हा घासायची. एका मोठ्या रांजणाला माझी पूर्ण सकाळ गेली. शेवटचं पाणी आजोबांनी ओंजळीत घेतलं आणि प्यायले. मग म्हणाले, झालं. पिण्यालायक पाणी निघेपर्यंत धुणं संपत नाही, हीच तिथली कसोटी. कोणी हे करून बघणार असेल तर एक इशारा गांभीर्याने देतो. आंबलेल्या रांजणात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो माणूस मारतो. आपल्याकडे जुन्या विहिरीत आधी दिवा सोडून बघतात, तसा तेही मेणबत्ती सोडतात. पण दिव्यावर विसंबू नका. पंख्याने हवा खेळवा, आणि तोंडाशी दुसरा माणूस असल्याशिवाय कधीही उतरू नका.

आठ हजार वर्षांचं म्हणाल तर पुरावा भक्कम आहे, फक्त तो नेमका कशाचा आहे हे समजून घ्यायला हवं. तिबिलिसीच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर गदाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा या नवाश्मयुगीन वस्त्या आहेत. तिथल्या मडक्यांच्या खापरांत टार्टारिक आम्ल आणि द्राक्षाच्या वाइनची इतर आम्लं सापडली. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं आणि काळ इ.स.पू. ६००० ते ५८०० ठरला. म्हणजे द्राक्षाच्या वाइनचा आतापर्यंतचा सगळ्यात जुना रासायनिक पुरावा हाच. पण ती मडकी आजच्यासारखी पुरलेली क्वेव्री नव्हती. पुरण्याची रीत पुष्कळ नंतरची. आजची वाइन आठ हजार वर्षांपूर्वी होती तशीच आहे असं कोणी म्हणालं तर ते जाहिरातीचं वाक्य. मला स्वतःला अखंडता महत्त्वाची वाटते: चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या संत निनोचा क्रूस द्राक्षाच्या काड्यांचा होता असं तिथे मानतात, काखेतीतल्या अलावेर्दीच्या मठात आजही साधू वाइन करतात, आणि मरानी नुसती कोठार नसून घरातली पवित्र जागा आहे. क्वेव्री पद्धतीला युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

ही रीत मोडता मोडता वाचली आहे. सोव्हिएत काळात कारखान्यांना टनेज हवं होतं, त्यामुळे र्कत्सितेली आणि सापेरावी पसरली आणि बाकीच्या जाती मागे पडल्या. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या दारूबंदी मोहिमेत बागाच्या बागा उपटल्या गेल्या. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइनवर बंदी घातली, ती २०१३ पर्यंत टिकली. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं, आणि त्यामुळेच युरोप-अमेरिकेकडे वळून दर्जा सुधारावा लागला. या सगळ्या काळात क्वेव्री कारखान्यांनी नाही, घरांनी सांभाळली. प्रत्येक कुटुंब स्वतःपुरती वाइन करत राहिलं. इटलीतला वाइन बनवणारा योश्को ग्राव्नर २००० साली काखेतीला गेला आणि तिथले रांजण आपल्या फ्रिउली प्रांतात नेऊन पुरले, तेव्हापासून बाहेरच्या जगाची नजर इकडे वळली. तरी हेही सांगायला हवं की जॉर्जियातून निर्यात होणारी बहुतांश वाइन स्टीलच्या टाकीतली आहे. भाच्याने तुम्हाला नेमकी रांजणातली आणली, त्याचं कौतुक करा.

आता तुमची दीड एकर. मी हा प्रयोग केलेला आहे. पहिल्या वर्षी ३०० लिटरचा रांजण पुरून त्यात शेनिन ब्लांक ही वाइनची पांढरी द्राक्षं देठांसकट घातली, काखेतीची रीत जशीच्या तशी. मार्चअखेर तिचा पीएच इतका वर गेला, म्हणजे आंबटपणा इतका उतरला, की धोक्याची घंटा वाजली, आणि एप्रिलमध्ये व्हिनेगरचा वास आला. सगळी ओतून द्यावी लागली. चूक रांजणाची नव्हती.

पहिलं कारण देठ. काखेतीत वेल हिवाळ्यात झोपते, म्हणून शरदात तिची वाढ थांबते आणि काडीबरोबर देठही पिकतो. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी, अशी आपण तिला दोनदा कामाला लावतो. मण्यात पाणी उतरून साखर भरते तेव्हाही देठ हिरवागार असतो. त्यातून कडूपणा येतोच, शिवाय देठातलं पोटॅशियम वाइनमध्ये उतरून आंबटपणा आणखी खाली आणतं. र्कत्सितेलीकडे आम्लाची शिल्लक असते, ती हे सोसते. आपल्या उष्ण हवेतल्या द्राक्षाकडे ती शिल्लक नाही.

दुसरं कारण पंचांग. त्यांची तोडणी ऑक्टोबरात, पुढे बर्फ. आपली तोडणी जानेवारी ते मार्च, पुढे वैशाख. जमिनीत दीड-दोन मीटर खाली तापमान साधारण त्या गावच्या वार्षिक सरासरीइतकं असतं. तेलावीकडे ते १२-१३ अंश, नाशिकला २४-२५. वाइन मुरायच्या महिन्यांतच आपला रांजण कोमट राहतो. पुरण्याचा जो फायदा त्यांना फुकट मिळतो, तो आपल्याला मिळत नाही.

दुसऱ्या वर्षी मी देठ पूर्ण काढले, सालं तीनच आठवडे ठेवली, रांजण न पुरता १६ अंशांच्या गार खोलीत वाळूत उभा केला आणि आंबटपणा लवकर तोडणी करून राखला. ती वाइन चांगली झाली. ती काखेतीची नव्हती, इमेरेतीच्या जवळ जाणारी होती, आणि आपल्या द्राक्षाला तीच वाट सोसते असं माझं आता मत आहे. तुमच्या बागेत थॉमसन किंवा सोनाका असेल तर मात्र हा नाद सोडा. त्या खाण्याच्या द्राक्षांची साल पातळ, बी नाही, आम्ल कमी. सहा महिने मुरवून त्यातून काही उतरणार नाही. वाइनचं द्राक्ष असेल तरी आधी ५० लिटरवर करून बघा, आणि विकायचा विचार असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उरलेली बाटली बर्फासारखी गार पिऊ नका. थंडीने तुरटपणा टोचतो. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, रुंद ग्लासात घ्या. नुसती पिऊ नका, जेवणाबरोबर घ्या. काखेतीत वांग्याच्या तळलेल्या कापात अक्रोडाचं वाटण भरतात आणि त्याबरोबर ही वाइन घेतात. घरी दाण्याचं कूट आणि तीळ घातलेली भरली वांगी करून बघा, तिखट बेताचं. कुटातला स्निग्धपणा तुरटपणाला धरून ठेवतो आणि वाइन एकदम गोलसर लागते.

भाचा पुढच्या ऑक्टोबरात तिथेच असेल तर त्याला एखाद्या शनिवारी तेलावीला जायला सांगा. तोडणीच्या दिवसांत पाहुण्याला हाताला काम आणि ताटाला जेवण दोन्ही मिळतं. फक्त कोणी प्रेमाने र्कत्सितेलीची काडी दिली तर ती बॅगेत घालून आणू नको म्हणावं. परवाना आणि विलगीकरण चुकवून आलेल्या काडीबरोबर विषाणू आणि वेलीची मुळं खाणारी फायलॉक्सेरा ही कीड येऊ शकते, आणि नुकसान तुमच्या एकट्याच्या बागेचं होणार नाही. त्याऐवजी चुर्चखेला आणायला सांगा: दोऱ्यात ओवलेले अक्रोड, पिठाने घट्ट केलेल्या द्राक्षरसात बुडवून वाळवलेले. महिनोन्‌महिने टिकते, आणि तिथल्या द्राक्षाची चव घरातल्या लहानग्यांनाही घेता येईल.